सरकार नेमकं किती पाहिजे? वडाप, ऊस, पूर आणि टेंभूचं पाणी

येरळाकाठ (विटा)

आधीच सांगतो हा राजकारणाचा धागा नाही, कुणाला मत द्या कुणाला देऊ नका असलं इथं काही नाही. विषय एवढाच की सरकारनं कुठली कामं करावीत आणि कुठल्यातनं हात काढून घ्यावा. माझं मत सरळ आहे, पोलीस, कोर्ट, सैन्य, जमिनीची नोंद आणि कुणी कुणाला फसवलं तर त्याचा निकाल, झालं सरकारचं काम. बाकीचं माणसं आपसात बघून घेतात, घेऊ द्यावं. रॉबर्ट नॉझिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1974 साली हेच मांडलं होतं की सरकार म्हणजे रात्रीचा राखणदार, त्यानं गस्त घालावी, घरात शिरून भाजीत मीठ किती घालायचं ते सांगू नये (मिठाचं माझं आहे, नॉझिकचं नाही).

अमेरिकेचं आपल्याला काय करायचंय म्हणाल तर आपल्याकडचं बघा. विट्यापासनं आत कुठल्याही गावाला जायचं तर एसटी दिवसातनं दोनदा, ती पण येईल न येईल. माणसं जातात कशानं? वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपनं. आणि वडाप बेकायदेशीर, कारण टप्पा वाहतूक करायचा हक्क कायद्यानं एसटीचा. म्हणजे जो माणूस स्वतःच्या पैशानं जीप घेतो, हप्ते भरतो, बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या पाटीसकट म्हातारीला घेऊन जातो तो गुन्हेगार, आणि जी गाडी आलीच नाही ती कायदेशीर. 2021-22 च्या संपात एसटी महिनोनमहिने बंद होती तेव्हा सगळा जिल्हा ह्याच गुन्हेगारांनी ओढला की.

दुसरं ऊस. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमधे 25 किलोमीटर हवाई अंतर पाहिजे. कशाला? शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणे. भलं कुणाचं होतं ते ज्याला तोड मिळत नाही त्याला विचारा. 2023 च्या डिसेंबरात केंद्रानं एका फटक्यात उसाच्या रसापासनं इथेनॉल बंद केलं, ज्यांनी कर्ज काढून प्रकल्प टाकले होते ते बघत बसले. शरद जोशी ह्याच साताऱ्यात 1935 साली जन्मले आणि आयुष्यभर ओरडून सांगत राहिले की बाबांनो सरकारनं मदत करू नये, फक्त आडवं येऊ नये. "भीक नको, हवे घामाचे दाम". आपण घोषणा पाठ केली आणि सबसिडीच्या रांगेत उभे राहिलो.

आणि आमच्या खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं बघा. सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभर पसरली, कुठं कुठं दुकानं टाकली, गावात देवळं बांधली, बंगले बांधले. कुठली योजना होती त्यांच्यासाठी? कुठला जीआर?

बोला.

चिटबॉय

लई भारी लिवलंय भावा पर एक सांग. कारखान्याचं अंतर काडून टाकलं, चालतंय. मग एफआरपी, म्हंजे सरकारनं उसाला बांधून दिल्याला कमीत कमी भाव, ती बी काडायची का? ती बी सरकारचीच हाय न्हवं. 2025-26 ला साखरंच्या 10.25 टक्के उताऱ्याला 3550 रुपये टनाला, ते आकडं दिल्लीत ठरत्यात. आमी इकडं ऊस घालून 14 दिवसात पैसं मिळायचं कायद्यात हाय तरी मिळत न्हाईत, कायदाच न्हाई म्हटल्यावर तर काय मिळंल? आमचा ऊस म्हंजे हळद न्हवं पोत्यात भरून भाव यीपर्यंत ठेवायला. तुटला की आट-धा तासात वजन घटाय लागतंय. कारखानदाराला म्हाईत हाय ह्यो जातोय कुटं.

आणि काट्याचं काय? काटा मारत्यात हे शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय. भाइरनं वजन करून न्हेलं तर कोन दाद देत न्हाई. तितं कोन बगनार, तुजा राखणदार का वैधमापनवाला सायेब?

येरळाकाठ

चिटबॉय, काट्याचं तू माझ्याच बाजूचं बोललास. फसवणूक थांबवणं हे राखणदाराचंच काम आहे, नॉझिक पण तेच म्हणतो, चोरी, फसवणूक, कराराची अंमलबजावणी. तिथं माझी तक्रार उलटी आहे, जिथं सरकार पाहिजे तिथं ते डुलक्या घेतंय आणि जिथं नको तिथं टॉर्च घेऊन फिरतंय.

एफआरपीचं बघ, शेतकऱ्याला भाव बांधून दिला आणि साखरेचा किमान विक्री भाव 2019 पासनं किलोला 31 रुपयांवर ठेवला, वर निर्यात कधी चालू कधी बंद. कारखाना देणार कुठनं? एकदा एका बाजूला बांधायला घेतलं की दुसऱ्या बाजूला पण बांधावं लागतं, असं करत करत सगळंच बांधलं जातं. 25 किलोमीटरच्या आत तीन कारखाने, दोन गूळ पावडरवाले आणि एक इथेनॉलवाला असता तर तुझ्या बांधावर येऊन उभे राहिले असते. आता तू त्यांच्या गट ऑफिसात उभा राहतोस.

चिटबॉय

आमच्या भागात हायत की तीन कारखानं. तिगंबी सीझन सुरू व्हायच्या आदी एकत्र बसत्यात, चा पित्यात आणि एकच दर काडत्यात. आंदोलन करून गाड्या आडवल्या, टायरी सोडल्या तवा वर शंभर-पन्नास मिळत्यात. ह्ये तुज्या पुस्तकात कुटं बसतंय ते सांग. आणि तोडीला टोळी आली की एन्ट्री द्या, गाडीवाल्याला खुशाली द्या, ह्येला तर कुटला कायदा न्हाई, सगळं खुलं मार्केटच हाय 😂

मास्तर_खटाव

येरळाकाठ, तुमचं लेखन नीट वाचलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झालो, तेव्हा माझा पगार आणि पेन्शन दोन्ही तुम्ही ज्याला नको म्हणता त्याच सरकारचं. हे आधी सांगितलेलं बरं, नंतर कुणीतरी काढणारच.

खटाव तालुक्यात कटगुण आहे, जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. 1882 साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं त्यातला मुद्दा तुमच्या कामाचा आहे. पैसा रयतेच्या सारा-पट्टीतून गोळा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आता इथं तुमचा माणूस म्हणेल मग सारा कमी करा, खर्च बंद करा, ज्यानं त्यानं आपापलं शिकावं. जोतीरावांनी उलटं मागितलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, बारा वर्षांपर्यंत. सक्ती हा शब्द तुम्हाला टोचेल. ज्या मुलाचा बापच त्याला गुरं राखायला पाठवतोय त्याचं स्वातंत्र्य कुणी सांभाळायचं ह्याचं उत्तर त्या एका मागणीत होतं, आणि मला आजतागायत त्यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

येरळाकाठ

मास्तर, तुमचा मान राखून बोलतो. शिक्षणाचं उदाहरण तर तुमच्याच जिल्ह्यात माझ्या बाजूचं पडलंय. कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती काय शिक्षण खात्याच्या जीआरनं? लोकांनी मूठमूठ धान्य दिलं, पोरांनी स्वतः राबून शिक्षण घेतलं, स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद. मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल 1894 सालचं, मिशनऱ्यांचं. सरकारी मेडिकल कॉलेज मिरजेत आलं 1962 ला, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. समाज करतो हो, त्याला करू दिलं तर.

आणि मी शाळा बंद करा म्हणतच नाही. मिल्टन फ्रीडमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1955 साली सांगितलं की सरकारनं पैसा द्यावा पण शाळा चालवू नये, पालकाला व्हाउचर द्यावं, तो ठरवेल कुठं घालायचं. आपल्याकडं आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) खाजगी शाळांत गरिबांसाठी 25 टक्के जागा म्हणजे त्याचंच लंगडं रूप. 2024 ला तर सरकारनं नियम काढला की एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगीला 25 टक्क्यांतनं सूट. गरिबाच्या पोराला चॉइस मिळाला तर सरकारी शाळा ओस पडेल ही भीती, दुसरं काय. हायकोर्टानं जुलैत तो नियम रद्द केला म्हणून बरं.

मास्तर_खटाव

व्हाउचरला माझा विरोध नाही, तुम्हाला आश्चर्य वाटेल. साताऱ्यात, सांगलीत, कराडात द्या खुशाल. पण माण तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर अकरा मुलं आहेत, त्यातली चार मेंढपाळांची, अर्धं वर्ष बाहेर. तिथं व्हाउचर घेऊन मूल जाणार कुठं? दुसरी शाळा कोण काढणार अकरा मुलांसाठी? तिथं एक मास्तर आणि एक खोली हेच सगळं मार्केट. आणि रयतेबद्दल म्हणाल तर अण्णांनी अनुदान नाकारलं नव्हतं, मिळवलं होतं, भांडून मिळवलं. लोकांची मूठ आणि सरकारची ग्रँट असं दोन्ही मिळून ते उभं राहिलं. नुसत्या मुठीवर एवढा पसारा झाला नसता.

पूररेषा

सांगलीतनं लिहितेय, माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, नदीपासनं फार लांब नाही. त्यामुळं पुराचं मला बोलू द्या, बाकीचं तुम्ही बघा.

2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. जूनमधे शाळा सुरू होऊन माल उचलला गेलेला पण शाळा-कॉलेजचा दुसरा लॉट नुकताच भरलेला, सगळा गेला. पाणी उतरल्यावर आत गेलो तर वह्यांचे गठ्ठे फुगून रॅकमधे असे अडकलेले की रॅक तोडून काढावे लागले, शाई उतरून भिंतीला निळा पट्टा, तो रंग दिला तरी वर येतो. सरकार कुठं होतं विचाराल तर पहिले दोन दिवस आमच्या गल्लीत तरी नव्हतं. पोरांनी ट्यूब बांधून बायका-म्हाताऱ्यांना काढलं, नदीकाठच्या गावांत तर गुऱ्हाळाच्या काहिलीतनं माणसं काढली. तिसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ते आठवत असेलच सगळ्यांना, आपण आपलं करून घेऊ म्हणताना हे पण होतं.

आता येरळाकाठ दादा, कोयना, वारणा आणि खाली अलमट्टी. कुणी किती सोडायचं, कधी सोडायचं. अलमट्टीची उंची 519.6 मीटरवरनं 524 च्या वर न्यायची कर्नाटकची तयारी चालू आहे, आमच्याकडं त्याची धास्ती. हे वह्या विकणाऱ्या बाईनं कुणाशी आपसात बघून घ्यायचं? धरणाशी करार करू का मी?

येरळाकाठ

ताई, धरणांचं मान्य, दोन राज्यांमधल्या नदीला लवाद लागतोच, तो राखणदाराच्याच कामात येतो, त्यात माझा वाद नाही. पण तुम्हाला एक कडवट प्रश्न विचारतो, राग मानू नका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट दरवेळी पहिले बुडतात हे लहान पोराला माहीत आहे. तरी तिथं घरं आहेत, नवीन होतायत. का? कारण पाणी आलं की पंचनामा होणार, अनुदान येणार, निवडणूक असली तर जास्त येणार. सरकारनं भरपाई द्यायचीच नाही ठरवलं असतं आणि विमा कंपनीनं हप्ता सांगितला असता तर त्या हप्त्याच्या आकड्यानंच माणसाला कळलं असतं की इथं घर बांधू नये. पुराची निळी रेषा नकाशावर मारून कुणी थांबत नाही, खिशाला लागल्यावर थांबतो.

पूररेषा

राग नाही. विम्याचं मला पटतं, दुकानाचा विमा मी 2019 नंतर काढला आणि 2021 ला परत पाणी आलं तेव्हा त्यातनं मिळालं, पंचनाम्यापेक्षा जास्त मिळालं.

पण तिथं राहतंय कोण ते बघा ना. हौसेनं नदीत घर कोण बांधतं? गुंठेवारीत गुंठा-दीड गुंठा मिळाला तो तिथंच मिळाला, कारण वरच्या अंगाची जागा परवडत नाही. आणि ती का परवडत नाही, तर शेतजमिनीचा तुकडा पाडू नका, एनए (बिनशेती) करा, लेआउट करा, रस्ते सोडा, ह्या सगळ्या कागदांनी गावाच्या उंचावरची जागा महाग करून ठेवली. म्हणजे सांगलीतली निम्मी गुंठेवारी सरकारनं नाही म्हटलं म्हणून झाली, आणि नंतर 2001 ला कायदा करून त्याच सरकारनं ती नियमित करायला घेतली. इथं तुमचं बरोबर आहे. पण मग आधी अडवणं बंद करा आणि नंतर भरपाई बंद करा. तुम्ही लोक नेहमी भरपाईपासनं सुरुवात करता. ते सोपं असतं, गरिबाचं असतं.

कराडचा_वकील

ताईंचं शेवटचं वाक्य माझ्या मते ह्या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे. सरकारचे दोन हात आहेत, एक अडवणारा, एक देणारा. मर्यादित सरकारवाल्यांची गाडी बहुतेक वेळा देणाऱ्या हातावर जाऊन थांबते. अडवणारा हात मोठ्यांच्या सोयीचा असतो, 25 किलोमीटरचं अंतर कुणाच्या सोयीचं आहे ते चिटबॉय सांगेलच.

एक गंमत सांगतो. ज्या टेंभूवरनं कृष्णेचं पाणी दुष्काळी भागाला उचलून नेणाऱ्या योजनेला नाव पडलं ते आमच्या कराड तालुक्यातलं टेंभू, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव, 1856 चा जन्म. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर ह्या दोघा इंग्रज विचारवंतांचा केवढा प्रभाव. त्यातला हर्बर्ट स्पेन्सर म्हणजे येरळाकाठ भाऊंचा खापरपणजोबा म्हणा, सरकारनं शाळा काढू नयेत, गावाची गटारं पण बघू नयेत इथपर्यंत गेलेला माणूस. असं सगळं वाचलेला हा टेंभूचा गृहस्थ 1891 ला संमतीवयाचा कायदा आला तेव्हा कुठल्या बाजूला उभा राहिला? कायद्याच्या. मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा करायचं होतं, आणि परक्या सरकारनं आमच्या घरात ढवळाढवळ करू नये ही बाजू टिळकांची. व्यक्तीचं स्वातंत्र्य एवढं मानणाऱ्या आगरकरांना दिसत होतं की सरकार बाहेर थांबलं म्हणून घरातली मुलगी मोकळी होत नाही, तिच्यावर घरातलंच सरकार बसलेलं असतं, आणि त्या सरकारवर अपील नाही.

अपिलावरनं आठवलं. आपल्या भागात सरकारशिवायचं सरकार झालेलं आहे, 1943 ते 46, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. लोकन्यायालयं चालवली, सावकारांना वठणीवर आणलं, दारू बंद केली. माझा त्याबद्दल आदरच आहे, आमच्या घरातला एक माणूस त्यात होता. पण वकील म्हणून विचारतो, तिथं शिक्षा म्हणून ज्याच्या तळपायाला पत्र्या बसल्या आणि तो निर्दोष असला तर त्यानं जायचं कुठं?

येरळाकाठ

वकीलसाहेब, आगरकरांचं मानलं. पण लहान पोरगी स्वतःसाठी करार करू शकत नाही हे नॉझिकवाला पण मान्य करेल, तिचं रक्षण हे राखणदाराच्याच कामात.

आणि प्रतिसरकारपेक्षा मला औंधाचं उदाहरण आवडतं. 1939 साली संस्थानच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपणहून सत्ता सोडून गावपंचायतींच्या हातात दिली. राजा स्वतः म्हणतोय घ्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंत नसलेल्या वसाहतीत ठेवलं, शेती करा, बायकापोरांसह राहा. आज कुठल्या कलेक्टरची छाती आहे?

आशा_कोरेगाव

मी आशा सेविका आहे, गावात आरोग्याचं काम करते, सर्व्हेवरनं आत्ता घरी आले म्हणून उशिरा लिहितेय. आम्हाला पगार नाही, मोबदला आहे, कामाप्रमाणे, तो पण वेळेत येत नाही. म्हणजे दादांच्या हिशेबात आम्ही एकदम फिट, सरकारी नोकर पण नाही 🙂

तुमच्या धाग्यात कुणी रोगाचं बोललं नाही म्हणून. आमच्या गावात टीबीचा पेशंट आहे, नाव-गाव नको. गोळ्या फुकट, सरकारी. दोन महिने झाले की खोकला कमी होतो, माणूस गोळ्या सोडतो, बरं वाटतंय की आता म्हणतो. मी रोज त्याच्या दारात. त्याची बायको मला बघून चहा ठेवते आणि तो मागच्या दारानं रानात. परत पकडून आणायचा, समोर गोळी खायला लावायची, पाकीट बघायचं. कारण मधे सोडलं की टीबी औषधाला दाद देत नाही आणि मग तसलाच टीबी तो शेजाऱ्याला देतो, वडापमधे मांडीला मांडी लावून बसलेल्या म्हातारीला देतो. आता ह्या माणसाला स्वातंत्र्य आहे का गोळी न खायचं? आणि खाजगी दवाखाना त्याच्या मागं रानात जाईल का? पैसे कोण देणार त्याला, शेजारी?

वडाप मी पण वापरते. पण दहावीची पोरगी एसटीचा पास काढून कोरेगावला जाते, फुकट पास. 2023 पासनं बायकांना अर्धं तिकीट झालं तर सासवा पण दवाखान्यात यायला लागल्या, आधी मुलाच्या गाडीची वाट बघत बसायच्या. वडापवाला गर्दी झाली की पोरींना म्हणतो पुढच्या गाडीनं या. पासवाल्या पोरीला वडापमधे कोण घेणार?

येरळाकाठ

ताई तुमच्या कामाला सलाम, खरंच. साथीच्या रोगाचं हायेक (हा पण बाजारवालाच अर्थतज्ज्ञ) आणि फ्रीडमन दोघांनी मान्यच केलंय, ज्याचा त्रास शेजाऱ्याला होतो तिथं सरकार आलं तर हरकत नाही. हायेक तर कमीत कमी उत्पन्नाची हमी पण चालेल म्हणायचा. मी त्यांच्यापेक्षा कडक नाही.

पोरींच्या पासचं सांगतो. पास एसटीचाच का? पोरीला सरकारनं महिन्याचे पैसे थेट द्यावेत, ती एसटीत बसेल नाहीतर परवानाधारक जीपमधे, आणि जीपला टप्पा वाहतुकीचा परवाना द्या, विमा सक्तीचा करा. मग वडापवाला पासवाल्या पोरीला दारात येऊन घेईल.

चिटबॉय

पोरीला पैसं दिलं तर बाप घील काडून. आशाताईला इच्यारा 😂

आशा_कोरेगाव

तेच लिहिणार होते. पासावर फोटो असतो हो दादा, तो दारूच्या दुकानात चालत नाही.

कराडचा_वकील

अमेरिकेचं एक सांगतो, येरळाकाठ भाऊंना माहीत असेल. 2010 साली टेनेसी राज्यात साउथ फुल्टन शहराच्या हद्दीबाहेर एका घराला आग लागली. हद्दीबाहेरच्यांनी अग्निशमनाची वर्षाला 75 डॉलर फी भरायची असा नियम, ह्या घरानं भरली नव्हती. बंब आला, शेजाऱ्याच्या रानाला आग लागू नये म्हणून उभा राहिला, आणि ते घर जवानांच्या डोळ्यांदेखत जळू दिलं. मालक म्हणतोय आत्ता देतो पैसे. नाही म्हणाले.

येरळाकाठ

ते माहीत आहे, आणि ते नेहमी आमच्या तोंडावर फेकतात. पण तो बंब खाजगी कंपनीचा नव्हता, नगरपालिकेचा होता! खाजगी असता तर आग विझवून दहापट बिल लावलं असतं आणि दोघं खूश झाले असते. ज्याला गिऱ्हाईकाची गरज नाही तोच असा बघत उभा राहतो.

मास्तर_खटाव

हे उत्तर चांगलं दिलंत. मुद्दा तरीही शिल्लक राहतो, पण उत्तर चांगलं आहे.

संयोजक

दोन प्रतिसाद उडवलेत. पक्ष, नेते, जात ह्यावर गाडी नेऊ नका. बाकी चालू द्या.

डाळिंब_आटपाडी

गलाईचं वाचलं म्हणून खातं काढलं. येरळाकाठ, गलाईवाले मोठे झाले खरं आहे, माझे दोन चुलते गेले, एक केरळात एक तमिळनाडूत. ते हौसेनं नाही गेले. रानात कुसळं उगवत होती म्हणून गेले. पंधरा-सोळा वर्षांची पोरं भट्टीपुढं बसली, ॲसिडच्या धुरात. तुम्ही बंगले बघताय, जे तिकडंच खोकून परत आले ते गावात कुणाला दिसत नाहीत. आता पाणी आल्यावर त्यातले किती जण परत येऊन डाळिंब लावतायत ते बघा. त्यांना विचारा सरकार किती पाहिजे.

टेंभूचं पाणी कृष्णेतनं टप्प्याटप्प्यानं उचलून आमच्यापर्यंत येतं. कृष्णा खोरे महामंडळ 1996 ला निघालं, बाजारातनं रोखे काढून पैसा उभा केला, कारण कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाप्रमाणं 2000 सालाच्या आत पाणी अडवलं नाही तर हक्क जाणार होता. तरी काम रखडलं ते रखडलंच. आटपाडीत 1993 पासनं पाणी परिषदा भरवल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं, म्हातारेकोतारे भाकरी बांधून यायचे, तेव्हा कुठं हललं. एवढं पाणी कुठली खाजगी कंपनी उचलून आणणार होती आमच्या माळाला? आणि आणलं असतं तर काय दरानं?

येरळाकाठ

दादा, हा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि मी तो टाळत नाही. मी पण येरळेकाठचाच, माझ्या आजोळच्या विहिरीला टेंभूनंच पाणी आलंय.

पण बलवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण आठवा. ऐंशीच्या दशकात येरळा वाळू उपसून कोरडी ठाक केलेली, ठेकेदार आणि महसूल खातं दोघं मिळून. मुक्तिसंघर्ष चळवळीतले भारत पाटणकर वगैरे मंडळी, म्हणजे माझ्या विचाराच्या अगदी उलट्या टोकाची, ती काय म्हणाली? वाळू आमच्या नदीची, आम्हाला थोडी विकू द्या, त्या पैशातनं आम्ही धरण बांधतो. सरकार परवानगीच देईना. लोकांनी भांडून परवानगी घेतली आणि धरण बांधलं. तिथं अडवणारा हात सरकारचा होता आणि देणारा हात लोकांचा. मला हेच तर म्हणायचंय.

कराडचा_वकील

पुढचं पण सांगा ना. पाणी वाटलं कसं त्यांनी? ज्याची जमीन जास्त त्याला जास्त नाही, ज्याचा खिसा मोठा त्यालाही नाही. सगळ्या घरांना सारखं, भूमिहीनाला सुद्धा. बाजारानं असं वाटप केलं नसतं आणि तुमच्या राखणदारानं तर ते आपलं कामच नाही म्हटलं असतं. ते बाजार पण नव्हतं आणि सरकार पण नव्हतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना 2009 चं नोबेल मिळालं ते साधारण ह्याच अभ्यासावर, की लोक सामायिक पाणी, कुरणं, जंगल स्वतः नियम करून सांभाळतात, आणि तिथं सरकारनं त्या नियमांना मान्यता देणं एवढंच पुष्कळ असतं.

येरळाकाठ

ऑस्ट्रॉम आमच्यात पण मानतात, त्यामुळं त्यांना एकट्यानं पळवू नका. ज्यांनी स्वतः बांधलं त्यांनी कसं वाटायचं ते त्यांनी ठरवावं, सारखं वाटलं तर सारखं, माझं काही म्हणणं नाही. वरनं आदेश नको एवढंच.

आता टेंभूकडं येतो. पाणी उचलायचं वीजबिल 81 टक्के सरकार भरतं, 19 टक्के शेतकरी. पंप 7.5 एचपीपर्यंत असला तर 2024 पासनं शेताची वीज पण माफ. म्हणजे नंदुरबारचा मजूर तेल-साबण घेताना जो कर देतो त्यातनं विट्याच्या आणि आटपाडीच्या बागायतदाराचं बिल जातंय. आणि पाणी कशाला जातंय बघा, निम्म्या माळावर ऊस. फुकटाच्या जवळपास मिळालं की माणूस ऊसच लावणार. दर खरा लागला असता तर डाळिंब, द्राक्ष, फारतर ठिबकवरचा ऊस राहिला असता आणि तेच पाणी आणखी दोन तालुक्यांना पुरलं असतं. डाळिंब दादा, खरं सांगा, 19 टक्के तरी सगळे वेळेत भरतात का?

डाळिंब_आटपाडी

नाही भरत. खरं ते खरं. ऊसवाल्याचं बिलातनं कापून घेतात, त्याला पर्याय नाही. आम्ही डाळिंबवाले माल व्यापाऱ्याला बांधावर देतो, आमच्याकडनं कापणार कोण? पाटकरी येतो, फॉर्म भरून घेतो, पुढच्या महिन्यात म्हटलं की जातो. म्हणून थकबाकी आमच्याकडं जास्त आणि आवर्तन सोडायची वेळ आली की ऊसवाले आमच्या नावानं शिव्या घालतात.

चिटबॉय

आमचं बिलातनं कापत्यात खरं. पर कापल्यालं पुढं भरलं का कारखान्यानं? एकदा आमच्या हितं पाणी बंद केलं थकबाकी म्हणून, जाऊन बगितलं तर आमच्या बिलातनं कपात होऊन सीझन उलटून गेल्याला, पैसं भरल्यालंच न्हाईत. पाणी आमचं तुटलं. आता ह्यात फसवलं कुनी, सरकारनं का मार्केटनं? कारखाना सहकारी हाय, म्हंजे कागदावर मालक मीच.

येरळाकाठ

😂😂 हे मात्र नॉझिकच्या बापाला सुटायचं नाही.

सिरियसली, माझं म्हणणं असं की आउटलेटला मीटर बसवा आणि तिथनं खाली पाणी वापर संस्थेला विका, घनमापनावर. 2005 चा कायदा आहेच त्याला, शेतकऱ्यांकडनं सिंचन व्यवस्थापनाचा. संस्था बारी ठरवेल, वसुली करेल, चोरलं तर तोडेल. कारखाना मधनं काढा, पाटकरी मधनं काढा.

डाळिंब_आटपाडी

आमच्या वितरिकेवर संस्था आहे. कागदावर. चेअरमन कोण ते सांगायला नको, ज्याची बाग सगळ्यात वर आहे तो. बंद पाइपलाइन झाल्यापासनं चोरी कमी झाली, आधी उघड्या पोटपाटात रात्रीत सायफन पडायचे. पण मीटर बसवला तर टेलच्या (पाइपलाइनच्या शेवटच्या) माणसाला तो वाचून कोण दाखवणार, कुलपाची चावी कुणाकडं, ह्यावर दोन बैठका मोडल्यात. पुढच्या बैठकीत चावी टेलवाल्याकडं द्यायची असा ठराव मी टाकलाय. तुम्ही विट्यातनं या, बघा तिथं तुमचं काही चालतंय का.

येरळाकाठ

येतो. तारीख कळवा. आणि ठरावात एवढं घाला की रीडिंगचा फोटो दर पाळीला ग्रुपवर टाकायचा, चेअरमनला हरकत असली तर ती लेखी घ्यायची.

पूररेषा

फोटोत तारीख दिसू द्या. पंचनाम्याच्या वेळी आमचे निम्मे फोटो तारीख नाही म्हणून परत पाठवले होते.